पिकअप, कॅनोपी आणि वारा

हौद्यावर कॅनोपी बसवली तर ॲव्हरेज वाढतं की पडतं? बंगळुरूत पिकअप घेऊन सकलेशपूर-चिकमगळूरकडे, नाहीतर थेट कोल्हापूर-पुण्याकडे निघणाऱ्या मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्याच शेपटाला दुसरा लागलेला असतो: मागचा फाळका पाडून ठेवला तर हवा सरळ निघून जाते आणि डिझेल वाचतं, हे खरं का? ॲक्सेसरीवाला एक सांगतो, ट्रान्सपोर्टवाला नेमकं उलटं, आणि दोघंही स्वतःच्या गाडीची शपथ घेऊन सांगतात.

हिशेब करायचा तर एक गाडी समोर हवी. टोयोटाची हायलक्स घेऊ. ती २०२२ पासून भारतात विकली जाते आणि बंगळुरूजवळ, मैसूर रस्त्यावरच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होते. कारखान्याच्या नावात टोयोटाबरोबर किर्लोस्कर आहे. बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर यांनी १९९७ साली ही भागीदारी जुळवली. हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब, १८५५ रुंद आणि १८१५ उंच आहे. तुमच्याकडे इसुझुची व्ही-क्रॉस असली तरी पुढचे आकडे फारसे बदलणार नाहीत.

१. किती जोर लागतो?

हवा रिकामी वाटते, पण समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन १.२ किलोच्या आसपास भरतं. बंगळुरू ९०० मीटरहून जास्त उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा विरळ, घनमीटरला १.०६ किलो धरायला हरकत नाही. तीच गाडी त्याच वेगाने चेन्नईत चालवली तर वाऱ्याशी दहाएक टक्के जास्त झगडावं लागेल.

ही हवा बाजूला सारायला लागणारा जोर चार गोष्टींवर ठरतो: हवेची घनता, गाडी समोरून किती मोठी दिसते ते क्षेत्रफळ, आकार किती सुबक आहे ते सांगणारा एक आकडा, आणि वेगाचा वर्ग. आकाराच्या या आकड्याला रोध गुणांक म्हणतात. आजच्या चांगल्या सेडान गाडीचा तो ०.२५ ते ०.३० असतो, वाऱ्यासमोर आडव्या धरलेल्या सपाट फळीचा १ च्याही वर. पिकअप या दोघांच्या मधे कुठेतरी, ०.४ च्या आगेमागे.

हायलक्ससाठी क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर आणि गुणांक ०.४२ धरू. चारही गोष्टींचा गुणाकार करून निम्मा केला की ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४८० न्यूटन येतात, म्हणजे ४९ किलोचं ओझं सतत मागे ओढत असावं तेवढा जोर. त्यासाठी इंजिनाची १८ अश्वशक्ती खर्ची पडते. वेग ८० वर आणा, जोर ३१ किलोवर येतो आणि अश्वशक्ती निम्मी, फक्त ९. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो जोर तेवढ्याच वेगाने पुढे न्यायचा असतो, म्हणून शक्ती घनाने वाढते.

आता ३० चा वेग घ्या. वाऱ्याचा रोध जेमतेम साडेचार किलो. सामानासकट २३०० किलोच्या गाडीच्या टायरांचं घर्षण मात्र प्रत्येक वेगाला २७-२८ किलोच्या आसपास तेवढंच राहतं. याचा अर्थ सिल्क बोर्डच्या चौकात किंवा आउटर रिंग रोडवर संध्याकाळी गाडीचा आकार कसा आहे याला काडीची किंमत नाही. तिथे डिझेल क्लच, ब्रेक आणि सिग्नल खातात. या प्रकरणात पुढे जे काही येईल ते हायवेपुरतं.

२. पुढून धक्का, मागून ओढ

पिकअपचं नाक चौकोनी, म्हणून रोध नाकावर होतो, असं बहुतेकांना वाटतं. नाकावर दाब पडतो हे खरंच. पण बॉनेट, काच आणि टप यांचे कोपरे बऱ्यापैकी गोल असले की हवा तिथून वळसा घेऊन पुढे सरकते. खरा घोटाळा होतो मागे.

पंचगंगेला पूर आला की कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून खाली पाहा. खांबाच्या पुढच्या बाजूला पाणी आपटून दोन्हीकडे फाकतं. खांबामागे मात्र ते लगेच एकत्र येत नाही. तिथे एक खोलगट, घुमणारी जागा तयार होते आणि वाहून आलेला काटक्या-कचरा त्यात गोल गोल फिरत राहतो. पिकअपमागे हवेचं हेच होतं. या घुमणाऱ्या पोकळीतला दाब कमी असतो, आणि समोरचा जास्त दाब व मागचा कमी दाब यांच्यातला फरक गाडीला मागे खेचतो.

हवा पृष्ठभाग का सोडते, याचं उत्तर जर्मनीतल्या लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत दिलं. पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो आणि घर्षणामुळे तो मंदावलेला असतो. गाडीचा आकार मागे निमुळता होऊ लागला की पुढे सरकणाऱ्या हवेला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं. बाहेरच्या वेगवान हवेला ते जमतं, या दमलेल्या थराला जमत नाही. उतार हलका असेल तर तो कसाबसा निभावतो; उतार अचानक असेल तर थांबतो, उलटा फिरतो आणि सगळा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो. कॅनोपीचा आकार ठरवताना बाकी काही आठवलं नाही तरी हा दमलेला थर आठवावा.

प्रांटल यांच्या हाताखाली गॉटिंगनला १९३० च्या दशकात डॉक्टरेट केलेले एक गृहस्थ कोल्हापूरकडचे होते: विष्णू माधव घाटगे. पुढे ते बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे बंगळुरूकर ज्याला अजून टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथे, १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तो उभा करण्यातही त्यांचा हात होता. भारतात आखलेलं आणि बांधलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडालं, ते त्यांच्या चमूचं. बंगळुरूत वातबोगदे उभे राहिले ते या परंपरेतून. टाटा इन्स्टिट्यूटमधला १४ फूट बाय ९ फुटांचा मंदगती बोगदा पिकअपच्या भल्या मोठ्या प्रतिकृतीलाही पुरेल. राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतला १९६७ चा १.२ मीटरचा बोगदा मात्र अग्निबाण आणि लढाऊ विमानांसाठी आहे. तिथली हवा आवाजाहून वेगाने धावते. पिकअपला त्याचा काय उपयोग!

३. फाळका पाडायचा का?

उघड्या हौद्याच्या पिकअपमध्ये हवा टपावरून निघते आणि हौद्यावरून पुढे जाते. फाळका वर असेल तर केबिन आणि फाळका यांच्यामधे हवेचा एक मोठा भोवरा अडकून बसतो. टपावरून आलेली हवा या भोवऱ्याच्या पाठीवरून सरकते आणि फाळक्याच्या वरच्या कडेपाशी गाडी सोडते. भोवरा हीच जणू हौद्याची झाकणी झालेली असते.

फाळका पाडला की भोवऱ्याला मागची भिंत उरत नाही. तो विस्कटतो, आणि टपावरची हवा केबिनच्या उभ्या पाठीमागेच खाली कोसळते. तिथला दाब उतरतो आणि केबिनची पाठ मागे ओढली जाते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळातले केव्हिन कूपर यांनी वातबोगद्यात हे मोजून २००४ साली निबंध लिहिला, आणि त्याच्या शीर्षकातच फाळका वर ठेवा असं सांगून टाकलं. ट्रान्सपोर्टवाल्याला हे पटत नाही याचं कारण मला समजतं: फाळका धरून उभं राहिलं की वारा त्यावर आपटत असणार, असं डोळ्यांना वाटतं. पण गाडी धावत असताना त्या फाळक्यावर समोरचा वारा पोचतच नाही.

हौद्यावर ताणलेलं सपाट कव्हर याच तत्त्वावर काम करतं, आणि रोध काही टक्क्यांनी उतरवतं. ताडपत्री मात्र घट्ट हवी. फडफडणारी ताडपत्री फायद्यापेक्षा तोटाच करते, शिवाय हुबळीपर्यंत कान किटतात ते वेगळंच.

४. पाच फुटांत एक फूट

आता कॅनोपी. बाजारात मिळणारी फायबरची कॅनोपी साधारणपणे केबिनच्या उंचीची आणि मागे जवळजवळ उभी कापलेली असते. ती बसवली की हौद्यातला भोवरा जातो, टपाची रेघ सरळ मागेपर्यंत येते, पण गाडीची पाठ उंच आणि सपाट होते. म्हणजे एक पोकळी गेली आणि दुसरी, जास्त उंच, तयार झाली. म्हणून अशा चौकोनी कॅनोपीने रोध फारसा हलत नाही. गाडी आणि मॉडेल पाहून थोडा कमी किंवा थोडा जास्त. ॲव्हरेजसाठी म्हणून ती घेऊ नये.

मागची सपाट पाठ लहान करायची असेल तर टप हळूहळू खाली आणावा लागतो. किती हळूहळू, याचं उत्तर १९८४ साली एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जर्मनीतल्या प्रयोगांतून मिळालं. त्यांनी गाडीऐवजी एक साधा ठोकळा घेतला: पुढे गोल, मागे तिरका कापलेला. हा तिरका काप सुमारे १२ अंशांचा असताना रोध सर्वांत कमी निघाला. तो वाढवत नेला तसा रोध वाढत गेला आणि ३० अंशांच्या जवळ शिगेला पोचला. तिथे बाजूची हवा उताराच्या कडांवरून आत वळून दोन पीळदार भोवरे होतात आणि ते गाडीची शक्ती खातात. त्याहून तीव्र उतारावर हवा सरळ सुटून जाते. पिकअप हा ठोकळा नव्हे, पण १० ते १२ अंश हा आकडा डोक्यात ठेवायला उत्तम आहे.

हिशेब करू. पिकअपचा हौदा साधारण पाच फूट लांब. पाच फुटांत एक फूट खाली आलं की सव्वाअकरा अंशांचा उतार होतो. सुताराला कोनमापक द्यायची गरज नाही, टेप पुरे. हायलक्सचा टप आणि फाळक्याची वरची कड यांच्यात दीड फुटाहून थोडा जास्त फरक असतो. टपापासून थेट फाळक्यापर्यंत सरळ रेघ मारली तर उतार १८-१९ अंशांचा होईल, आणि दमलेल्या थराला ते झेपेलच असं नाही. म्हणून एक फूट खाली येऊन तिथे उभी, धारदार कड ठेवायची आणि हवेला एकाच रेषेवर गाडी सोडू द्यायची. शेपूट पूर्ण निमुळती न करता मधेच कापण्याची ही युक्ती १९३० च्या दशकात जर्मनीतल्या वुनिबाल्ड काम यांनी रूढ केली. थेंबासारखी पूर्ण शेपूट करायची तर गाडीमागे आणखी काही मीटर लागतील, आणि मग जयनगरमध्ये पार्किंग शोधा.

दोन्ही बाजूही मागे किंचित आत घेतल्या तर आणखी फायदा. पण इथे शरीर आडवं येतं. उतरत्या कॅनोपीत मागे जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंची उरते. झोपता येईल, बसता येणार नाही. आणि हौदाच पाच फुटांचा, तेव्हा साडेपाच फुटांच्या माणसाला तिरकं झोपावं लागेल, नाहीतर फाळका पाडून पाय त्यावर टाकावे लागतील. रात्री मुक्काम हेच कॅनोपीचं कारण असेल तर मी उताराचा हट्ट सोडेन.

५. कडा आणि फटी

काही कॅनोप्या केबिनपेक्षा सहा-आठ इंच उंच असतात. मग टपावरून आलेल्या हवेसमोर कॅनोपीचं उभं कपाळ येतं. इथे गोलाईला फार किंमत आहे. अमेरिकेच्या नासातले एडविन सॉल्ट्झमन १९७३ च्या सुमारास सायकलने कामावर जात. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी हवा त्यांना बाहेर ढकलायची आणि ट्रक पुढे गेला की आत ओढायची. हाच अनुभव धरून त्यांच्या चमूने एका जुन्या व्हॅनला ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून तिचं अक्षरशः खोकं केलं, आणि मग एकेक कड गोल करत रोध मोजला. उभे कोपरे गोल केल्यावर तो ४० टक्क्यांनी उतरला, आतली जागा गेली अवघी १.३ टक्के. आडव्या कडाही गोल केल्यावर ५४ टक्के उतरला, जागा गेली ३ टक्के. उंच कॅनोपी घ्यायचीच असेल तर कपाळ मागे झुकलेलं आणि कोपरे हाताच्या पंजाएवढे गोल पाहून घ्या. मागच्या कडा मात्र गोल नकोत; गोल कडेवरून हवा नेमकी कुठे सुटेल ते ठरवता येत नाही.

केबिन आणि कॅनोपी यांच्यामधली फट रबराने बंद करावी. तिथून घुसलेली हवा आत शिट्टी वाजवते आणि बाजूचा प्रवाह बिघडवते. फाळक्याच्या बिजागऱ्यांपाशी आणि बाजूंनाही रबरपट्टी लावा, कारण मागच्या पोकळीतली घुमणारी धूळ प्रत्येक फटीतून आत येते. हॅचबॅकला मागे वायपर असतो आणि सेडानला बहुधा नसतो, त्याचंही कारण हेच: उभ्या पाठीच्या गाडीची मागची काच त्या पोकळीतच उभी असते.

धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही तिथेच घुमतो. म्हणून कॅनोपीची मागची काच उघडी टाकून गाडी चालवू नये, विशेषतः कॅनोपीतून केबिनमध्ये उघडणारी खिडकी असेल तर. ॲव्हरेजपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची आहे.

६. टपावरचं ओझं

एवढं सगळं करून लोक कॅनोपीवर तंबू चढवतात. मिटलेला तंबू साधारण एक फूट उंच आणि सव्वा मीटर रुंद असतो. केबिनच्या वर डोकावणारं ते क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे गाडीच्या २.८ मध्ये साडेबारा टक्के भर. उतरत्या कॅनोपीने मिळवलेलं सगळं इथे जातं, वर व्याजासकट. तीच गोष्ट वर्षभर टपावर राहणाऱ्या रिकाम्या कॅरियरची, एलईडी दिव्यांच्या पट्टीची, आणि गाडी दोन इंच उचलून घातलेल्या रुंद टायरांची. कॅरियर उतरवायला एक पाना आणि पंधरा मिनिटं लागतात. या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय तोच.

७. फरक पडला हे कसं कळणार?

लोकरीचे बोटभर लांबीचे धागे कापा आणि कॅनोपीच्या टपावर, बाजूंवर, मागच्या काचेवर चिकटपट्टीने वीतभर अंतरावर लावा. मित्राला शेजारच्या लेनमधून समांतर गाडी चालवायला सांगून तिसऱ्याने मोबाइलवर चित्रण करायचं. धागे मागे सपाट झोपले असतील तिथे हवा चिकटून आहे. जिथे ते थरथरतात, उभे राहतात किंवा चक्क पुढे तोंड करतात, तिथे ती सुटली आहे. उतरत्या टपावर शेवटच्या ओळीपर्यंत धागे झोपलेले दिसले तर तुमचा सुतार जिंकला.

आकडा हवा असेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी ९० च्या वर नेऊन न्यूट्रल करा आणि ९० वरून ७० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंगला त्याची गरज असते. आपल्या हायलक्सला सुमारे २२ सेकंद लागतील. रोध दहा टक्क्यांनी कमी केला तर सव्वा-दीड सेकंद जास्त. एवढा बारीक फरक एका फेरीत दिसत नाही, म्हणून दोन्ही दिशांनी बऱ्याच फेऱ्या करून सरासरी काढावी लागते. टायरमधली हवा आणि गाडीतलं वजन तेवढंच ठेवायचं.

दोन्ही दिशा का, ते जुलैत चित्रदुर्गच्या पुढे कळतं. तिथल्या टेकड्यांवर पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. पश्चिमेचा वारा ताशी २० ने समोरून आला तर ८० ने चाललेल्या गाडीला हवा १०० ची भेटते आणि रोध ५६ टक्क्यांनी वाढतो. बंगळुरूहून बेळगावकडे जाताना पडलेलं ॲव्हरेज पाहून कॅनोपीला शिव्या देणारा माणूस परतताना तिचं कौतुक करतो. आडव्या वाऱ्यात उंच, सपाट बाजूंची कॅनोपी गाडीला हिसकाही देते. तिथे वेग कमी करणं हाच इलाज.

पैशांचा हिशेब असा. १०० च्या वेगाला एकूण ओढीतला जवळजवळ दोनतृतीयांश वाटा वाऱ्याचा, म्हणून रोध दहा टक्के उतरला तर डिझेल पाच-सहा टक्के वाचेल. बंगळुरू-पुणे सुमारे ८४० किलोमीटर, लिटरला ११ धरले तर ७६ लिटर. त्यातले चार वाचले आणि लिटरला ९० रुपये धरले, तर एका बाजूच्या प्रवासात ३६० रुपये. तोच प्रवास १०० ऐवजी ८० ने केला तर वाऱ्याचा रोध एका फटक्यात ३६ टक्क्यांनी उतरतो, आणि त्याला फायबर लागत नाही. कॅनोपी घ्यावी ती सामान कोरडं राहावं, कुलूप लागावं आणि पावसात झोपता यावं म्हणून. घेतलीच तर आकार नीट निवडावा.

बसवण्याआधी आरटीओत एकदा विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ नोंदलेले तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. बोल्ट काढून उतरवता येणारी कॅनोपी आणि हौद्याला वेल्डिंग करून उभारलेली खोली या दोन गोष्टींकडे तपासनीस एकाच नजरेने पाहत नाही.